सोन्याच्या सवयी आणि अडतीस सेंटचा हिरा

आमच्याकडं सोनं घ्यायला फार अक्कल लागत नाही, पैसे लागतात. सकाळी पेपरात भाव बघायचा, पेढीवर जाऊन काट्यावरचं वजन बघायचं, मजुरीवरून थोडी घासाघीस करायची आणि पावती खिशात घालून घरी यायचं. उद्या अडचण आली तर तेच सोनं मोडायचं. घट वजा जाऊन त्या दिवसाच्या भावानं पैसे हातात. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सोयाबीनचे पैसे आले की निम्म्या घरांत हेच चालतं. माझे वडील तर लातूरच्या गंजगोलाईतल्या एकाच सराफाकडं माझ्या जन्माआधीपासून जातात. तिथं त्यांना चहा आधी येतो, सोनं नंतर.

माझ्या साखरपुड्याच्या अंगठीचंही असंच होणार, असं सगळेच धरून चालले होते. पण मुलीनं एक गोष्ट मागितली. ती नांदेडला दातांची डॉक्टर आहे. म्हणाली, अंगठीत एकच हिरा असू दे, बारीक असला तरी चालेल, फक्त वर आलेला नको. दिवसभर हातमोजे घालायचे-काढायचे असतात, ते फाटतात. मी लातुरात नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पगार बरा आहे, पण लग्नाचा खर्च, बहिणीचं शिक्षण आणि घराचा हप्ता एकाच खात्यातून जातो. हिरा, घडणावळ आणि कर धरून पन्नास हजारांच्या आत बसवायचं ठरलं. सोनं आईच्या जुन्या अंगठीतून निघणार होतं. अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालावा, असा एक नियम नेटवर सारखा दिसतो. तो डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातींनी रुजवलेला आहे. विकणाऱ्यानं काढलेलं माप घेणाऱ्यानं कशाला पाळायचं, म्हणून तो तिथंच सोडला.

पहिल्यांदा अर्थातच गोलाईतल्या काकांकडं गेलो, बाबा सोबत. काकांनी ट्रेमधून एक अंगठी काढून पुढं ठेवली. फुलाच्या आकाराची, मधे एक आणि भोवती सहा हिरे. चिठ्ठीवर हिऱ्यांचं वजन ०.२८ कॅरेट, म्हणजे अठ्ठावीस सेंट. किंमत आमच्या बजेटच्या बरीच खाली.

बाबा म्हणाले, "हेच घ्या की. अठ्ठावीस काय अन् तीस काय."

"पाटील, हे सात मिळून अठ्ठावीस आहेत. एकेक चार-चार सेंटचा. एकच दाणा अठ्ठावीस सेंटचा घ्यायला गेलात तर याच्या कितीतरी वर जाईल."

बाबांना हे पटेना. सोन्यात एक-एक ग्रॅमचे दहा मणी आणि दहा ग्रॅमचं एक वेढणं, दोन्हींचा सोन्याचा पैसा सारखाच. हिऱ्यात तसं नाही. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे सोन्यासारखी शुद्धता नव्हे, वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. खाणीतून बारीक खडे पुष्कळ निघतात, मोठे कमी. त्यामुळं दाणा मोठा होत जातो तसा कॅरेटमागचा दरच चढत जातो. वजन दुप्पट झालं की किंमत दुपटीहून जास्त होते. शिवाय हा दर पायऱ्यांनी चढतो: तीस सेंटला एक पायरी, चाळीसला एक, पन्नासला एक, आणि एक कॅरेटला मोठी. पायरीच्या अलीकडं उभा असलेला हिरा, म्हणजे अडतीस किंवा अठ्ठेचाळीस सेंटचा, म्हणूनच बजेटवाल्याच्या कामाचा. अडतीस आणि चाळीस सेंटच्या गोल हिऱ्यांच्या व्यासात फरक पडतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो डोळ्याला दिसत नाही, पण पावतीवर दिसतो.

काका निघताना म्हणाले, "सर, खरं सांगू का? सोन्यात मला कुणी फसवू शकत नाही. हिऱ्यात मी मुंबईवाल्याच्या भरवशावर असतो. सुटा दाणा पाहिजे असेल तर तुम्ही थोडा अभ्यास करून या, मग मी मागवतो." तीस वर्षं पेढी चालवणाऱ्या माणसानं असं तोंडावर सांगितलं, ते मला आवडलं.

अभ्यासाचा पहिला धडा छत्रपती संभाजीनगरला मिळाला. क्लासच्या कामानं गेलो होतो, जालना रोडवर एका मोठ्या शोरूममध्ये शिरलो. आत गारवा, छताला दाटीवाटीनं बसवलेले दिवे, आणि त्या दिव्यांखाली ट्रेमधली प्रत्येक वस्तू चमकत होती. माझ्या घड्याळाची काचसुद्धा. प्रत्येक अंगठीच्या चिठ्ठीवर 'ईएफ-व्हीव्हीएस' लिहिलेलं. विक्रेती मुलगी नम्रपणे सांगत होती की यापेक्षा खालचा माल आम्ही ठेवतच नाही. किंमत एकत्र सांगितलेली होती. सोनं किती, हिरा किती, मजुरी किती हे फोडून मागितल्यावर तिला आत जाऊन विचारून यावं लागलं. दारापाशी उजेडात अंगठी बघू द्या म्हटलं तर रखवालदाराकडं बघून ती हसली. नियमच तसा असणार, तिचा दोष नाही. पण सोनं दिव्याखाली बघितलं काय आणि उन्हात बघितलं काय, ते बावीस कॅरेटचंच राहतं. हिऱ्याचा सगळा खेळच उजेडाचा, आणि दुकानातला उजेड दुकानदाराच्या हातात.

ती अक्षरं काय सांगतात हे घरी येऊन नीट समजून घेतलं. रंगाची पट्टी हिरे तपासून अहवाल देणाऱ्या अमेरिकेतल्या जीआयए संस्थेनं १९५३ साली रूढ केली. ती 'डी'पासून सुरू होते आणि 'झेड'ला संपते. डी, ई, एफ म्हणजे बिनरंगी. जी ते जे म्हणजे जवळपास बिनरंगी. पुढं पिवळसरपणा वाढत जातो. स्वच्छतेची पट्टी वेगळी: अगदी निर्दोष, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय. पुढचा आकडा १ असेल तर त्यातली वरची पायरी, २ असेल तर खालची. ही प्रतवारी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली करतात. व्हीव्हीएसमधले दोष भिंगाखालीही तरबेज माणसाला मुश्किलीनं सापडतात. व्हीएस-२ किंवा बऱ्यापैकी एसआय-१ हिरा नुसत्या डोळ्यांनी स्वच्छच दिसतो. मग जे मला दिसणार नाही, तिला दिसणार नाही, आणि तिच्या मावशीला तर मुळीच दिसणार नाही, त्याचे पैसे मी का मोजू?

ज्याचे पैसे मोजायला हवेत ती गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर काढतो. टोटल इंटर्नल रिफ्लेक्शनच्या तासाला उदाहरण हिऱ्याचंच असतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळं क्रिटिकल अँगल साडेचोवीस अंशांच्या आसपास. साध्या काचेचा बेचाळीसच्या जवळ. म्हणजे हिऱ्यात शिरलेला किरण खालच्या पैलूवर थोडा जरी तिरका आपटला तरी बाहेर न पडता परत फिरतो, समोरच्या पैलूवर आपटतो आणि वरून बाहेर येऊन आपल्या डोळ्यात शिरतो. पोरं हे पाठ करतात, परीक्षेत दोन मार्क मिळवतात. मीही इतकी वर्षं तेवढ्यावरच थांबत होतो. पण हे परत फिरणं आपोआप घडत नाही, खालचे पैलू ठरावीक कोनात कापले असतील तरच घडतं. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी गोल हिऱ्यासाठी याचं गणित मांडलं. आजही चांगल्या गोल हिऱ्याचे खालचे पैलू ४१ अंशांच्या आसपास आणि वरचे ३४-३५ अंशांच्या आसपास असतात. तळ फार खोल गेला की उजेड खालून गळतो आणि मधे काळोखी दिसते. फार उथळ झाला की वरून बघताना आत राखाडी कडं दिसतं.

मग खोल कापतात कशाला? वजनासाठी. कच्च्या खड्यातून जास्तीत जास्त सेंट वाचवायचे असतील तर तळाला आणि कमरेच्या कडेला, ज्याला गर्डल म्हणतात तिथं, जास्तीचा माल ठेवतात. वरून बघणाऱ्याला तो दिसत नाही, काट्याला मात्र कळतो. सोन्यात वजन म्हणजे किंमत, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. इथं तीच खिशाला कात्री लावते.

एवढं डोक्यात घेऊन काकांकडं परत गेलो आणि कागदावर लिहून दिलं: गोल हिरा, तीस ते चाळीस सेंट, रंग 'जे'च्या वर कुठलाही, स्वच्छता एसआय-१ किंवा वर, कट (म्हणजे पैलूंची घडण) एक्सलंट, अहवाल जीआयएचा. अहवालाचा आग्रह यासाठी की सगळ्या लॅब सारख्या कडक नसतात. एकाच हिऱ्याला एकीकडं 'जी' आणि दुसरीकडं 'आय' मिळू शकतो, आणि भाव मात्र लिहिलेल्या अक्षराचा लागतो. दुकानानं स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र तर धरूच नये. गोलच का, याचंही कारण आहे. लांबट ओव्हल त्याच वजनात मोठा दिसतो आणि थोडा स्वस्त पडतो, पण जीआयए कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्याला देत आली आहे. ज्या एका गोष्टीवर मी पैसे लावणार होतो तिचीच श्रेणी कागदावर नसेल, तर मुंबईहून लातूरला हिरा मागवताना मी कशाच्या जोरावर निवडणार?

काकांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून तीन दाणे जांगडवर मागवले. जांगड म्हणजे माल बघायला आणायचा, पसंत पडला तर पैसे, नाहीतर ठरल्या मुदतीत परत. व्यापाऱ्यांत हे फक्त चिठ्ठीवर चालतं. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पडून निघतात, हे तिन्हीही तिथलेच. मला यात एक गंमत वाटली. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला हिरे घ्यायला आमच्याच मुलखातून जायचा. बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर घेऊन निघालेले बैलगाड्यांचे तांडे वाटेत दिसल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. तेव्हा हिरे आमच्या दारावरून सुरतेला जात होते, आता सुरतेहून आमच्याकडं येतात.

रविवारी दुपारी ती भावाला घेऊन नांदेडहून आली. पिशवीतून तिनं दवाखान्यात चष्म्यासारखं लावायचं भिंग काढलं, तेव्हा काकांचा मुलगा बघतच राहिला. काकांनी गादीवर पांढरा कागद अंथरला, तीन पुड्या उघडल्या, चिमट्यानं एकेक दाणा शेजारी शेजारी ठेवला. कोणता कुठला हे त्यांनी आधी सांगू नये, एवढी मी विनंती केली होती.

तिनं एक-दोन मिनिटं बघितलं आणि डावीकडच्यावर बोट ठेवलं. "हा मधे काळा का दिसतोय?"

तो अहवालात सगळ्यात भारी होता. बत्तीस सेंट, रंग ई, व्हीव्हीएस-२. पण कट 'गुड', आणि खोली व्यासाच्या ६४.८ टक्के. चांगल्या गोल हिऱ्याची खोली साधारण साठ ते साडेबासष्ट टक्क्यांत असते. मधला तीस सेंटचा, एच, एसआय-१, कट एक्सलंट, खोली ६१.५. अहवालात दोघांचाही व्यास ४.३ मिलिमीटर. म्हणजे पहिल्यातले दोन सेंट पोटात लपलेले होते, आणि ते पोटच उजेड गिळत होतं. तिसरा अडतीस सेंटचा: रंग आय, व्हीएस-२, कट एक्सलंट, व्यास ४.६६. पहिल्याचा आणि तिसऱ्याचा भाव जवळपास सारखाच, चाळीस हजारांच्या आसपास. मधला त्याहून आठ-दहा हजारांनी कमी.

तिसऱ्याचा भाव वाजवी लागण्याचं आणखी एक कारण अहवालात होतं: फ्लुओरेसन्स, मीडियम ब्लू. अतिनील उजेडात असा हिरा निळा चमकतो. व्यापारी त्याचे पैसे कमी करतात, कारण फार जोराचा फ्लुओरेसन्स असलेले काही हिरे उन्हात दुधाळ दिसतात. काकांनी खोट्या नोटा ओळखायचा दिवा काढला, दुकानातली ट्यूब बंद केली. दोन दाणे अंधारात नाहीसे झाले आणि तिसरा निळ्या ठिणगीसारखा एकटाच उरला. तिच्या भावानं लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढला. मग आम्ही तो पेढीच्या पायरीवर नेऊन आधी सावलीत, मग उन्हात धरला. दुधाळपणा कुठंच नव्हता. उलट सावलीत तो तिघांत जास्त जिवंत वाटत होता.

राहिला रंगाचा प्रश्न. कागदाची घडी घालून तिन्ही दाणे तिच्यात उलटे ठेवले, तोंड खाली, टोक वर. असं ठेवलं की हिऱ्याची चमक बाजूला राहते आणि अंगचा रंग दिसतो. लॅबमध्येही असंच बघतात. तेव्हा तिसऱ्यात किंचित पिवळेपणा दिसला, पहिल्याशेजारी ठेवल्यामुळं जास्तच. पण अंगठी पिवळ्या सोन्याची होणार होती. चारही बाजूंनी पिवळं सोनं असताना एवढी झाक शोधून काढायला जवाहिऱ्याच लागेल. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बसवायचा असता तर मी 'जी' किंवा 'एच'साठी हट्ट धरला असता.

तिनं भिंग लावून मधल्या हिऱ्यात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, बरोबर खाली एक काळा ठिपका शोधून काढला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता, पण म्हणाली, "आता मला माहीत झालंय ना, मग रोज दिसणार." तिसऱ्यात काठाला पिसासारखी एक बारीक रेघ होती, जी सोन्याखाली जाणार होती. छोट्या हिऱ्यांच्या जीआयए अहवालात दोषांचा नकाशा काढलेला नसतो, नुसती श्रेणी असते. त्यामुळं दोष कुठं आहे हे असं स्वतः बघण्याला पर्याय नाही. तिसरा ठरला.

आईची एक अडचण होती. हिरा शुक्राचा, सगळ्यांना लाभत नाही, रात्रभर उशाखाली ठेवून बघावा असं तिला शेजारणीनं सांगितलेलं. "वहिनी, ते नीलमाचं करतात," काका म्हणाले, "आणि जांगडचा माल मी उशाखाली कसा देऊ?" शेवटी गुरुजींना फोन लागला. मुलीची रास तूळ, तिचा स्वामीच शुक्र. विषय तिथंच मिटला.

लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याचं आमच्या घरात बरंच गाजलं. पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ फोनवर सारखा म्हणत होता, "एवढ्या पैशात एक कॅरेटचा येतो, तू कशाला तांदळाच्या दाण्यावर पैसे घालायलास?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लॅबचा हिरा हा हिराच असतो: तोच कार्बन, तीच रचना, तोच अपवर्तनांक. कुणी त्याला 'अमेरिकन डायमंड'च्या रांगेत बसवलं तर ते चूक. ते झिर्कोनिया, पदार्थच वेगळा. मॉयसनाइट आणखी तिसराच, आणि तो उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टर पेनला चकवतोही. लॅबचा हिरा मात्र भिंगानं किंवा त्या पेननं ओळखूच येत नाही, त्याला मोठी यंत्रं लागतात. म्हणून त्याचाही अहवाल आणि गर्डलवरचा लेझरनं कोरलेला क्रमांक बघूनच घ्यावा. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड उतरलेत, कारण कारखाने वाढले की माल वाढतो. सोयाबीनवाल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

घरच्यांचा आक्षेप होता की लॅबच्या हिऱ्याला मोड नाही. इथं मी मावसभावाच्या बाजूनं बोललो. खाणीतल्या अडतीस सेंटच्या हिऱ्याला तरी कुठं मोड आहे? सोन्यासारखा रोजचा एक भाव हिऱ्याला नसतो. रापापोर्टची भावांची यादी असते, पण ती व्यापाऱ्यांची, आणि व्यवहार तिच्यावर सूट धरून होतात. गिऱ्हाईक विकायला गेलं की हातात येणारी रक्कम घेतल्या किमतीच्या बरीच खाली असते. तेव्हा हिऱ्याला घातलेले पैसे हौसेचे समजावेत, ठेव समजू नये, मग तो कुठलाही असो. माझ्या एका सहकाऱ्यानं लॅबचा पाऊण कॅरेट घेतलाय, सुंदर दिसतो. आमच्याकडं प्रश्न तिनं सोडवला. एक कॅरेटचा हिरा हातमोज्यात मावणार नव्हता, म्हणजे लॅबच्या हिऱ्याचा मोठा फायदा आमच्या उपयोगाचा नव्हता. आणि ती म्हणाली, "लहान असू दे, पण जमिनीतून आलेला असू दे." यावर वाद घालायला माझ्याकडं फिजिक्स नव्हतं.

पैसे देण्याआधी पेढीवर तपासणी झाली. काकांच्या कॅरेटच्या काट्यावर ०.३८ आलं. अहवालाचा क्रमांक जीआयएच्या साइटवर टाकला, तोच तपशील उघडला. मग तोच क्रमांक गर्डलवर शोधायचा होता. दहापटीच्या भिंगातून आकडे मुंगीच्या पावलांएवढे. काकांना तीन आकडे लागले, मला एकही नाही. तिनं चिमटा फिरवत फिरवत अख्खा क्रमांक वाचून दाखवला. दातांच्या नळ्यांमध्ये बघायची सवय. आमच्या हिऱ्याचा अहवाल छापील नव्हता, मोबाइलवरच होता, हे बाबांना काही केल्या रुचेना. चाळीस हजारांचा कागद नाही म्हणजे काय? समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी त्याची रंगीत प्रत काढून घेतली, लॅमिनेशन केलं आणि घरी सातबाऱ्याच्या फायलीत लावून टाकली.

पावती सुट्या हिऱ्याची वेगळी करून घेतली. २०२२ च्या जुलैपासून पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर दीड टक्का जीएसटी आहे आणि तयार दागिन्यावर तीन. वाचलेली रक्कम किरकोळच, पण वेगळ्या पावतीवर अहवालाचा क्रमांक, वजन, रंग, स्वच्छता सगळं आलं. पुढं कधी बदलून घ्यायचा झाला तर किती टक्के धरणार, हेही काकांकडून त्यावरच लिहून घेतलं. बाबांना याचा संकोच वाटला. इतक्या वर्षांचे संबंध, असं लिहून मागतात का? काका मात्र म्हणाले, "मागितलंच पाहिजे. उद्या गादीवर माझा पोरगा असेल."

आता सोन्यावरून आईशी बोलणी. तिची अंगठी बावीस कॅरेटची, आणि कारागीर म्हणत होता अठरात करा. आईच्या हिशेबानं अठरा म्हणजे भेसळ. पण बावीस मऊ असतं, रोजच्या वापरात वाकतं, आणि सोनं वाकलं की हिरा सुटतो. अठरात पंचाहत्तर टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी; ती भरच हिऱ्याला धरून ठेवते. वर उचललेले चार काटे नको होते, म्हणून बेझल ठरवलं, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड. बेझलमध्ये हिरा थोडा लहान दिसतो आणि गर्डलवरचा क्रमांक झाकला जातो. म्हणूनच जडाई समोर बसून करून घ्यायची अट मी आधीच घातली होती.

अंगठीचा सांगाडा हॉलमार्क होऊन आला. आत बीआयएसची खूण, ७५० (म्हणजे अठरा कॅरेट) आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक. बीआयएस केअर ॲपवर तो टाकून बघितला. पेढीच्या मागच्या खोलीत बंगाली कारागीर खाली मांडी घालून बसला होता. पुडी उघडल्यावर पुन्हा एकदा क्रमांक वाचला, तोच. त्यानं हिरा खोबणीत ठेवला, वरून बघितलं, काढला, खोबण किंचित खरवडली, परत ठेवला. असं कितीतरी वेळा. हिरा सगळ्यात कठीण हे आपण शाळेत शिकतो, पण तो चिवट नसतो. गर्डलवर चुकीचा दाब पडला तर टवका उडतो. म्हणून तो कड एकदम दाबत नव्हता. आधी उत्तरेला थोडी, मग दक्षिणेला, मग पूर्व, मग पश्चिम, आणि परत उत्तर. माझा श्वास ऐकून तो न बघताच म्हणाला, "सर, आप चाय पी के आइए." मी गेलो नाही.

साखरपुड्याला सगळं धरून खर्च पन्नासच्या थोडा आत राहिला. मंडपात मामींनी तिचा हात धरून अंगठी फिरवून बघितली आणि विचारलं, "किती ग्रॅमची गं?" तिनं सांगितलं, "साडेतीन." हिऱ्याचं कुणीच विचारलं नाही. तिच्या दोन मैत्रिणींनी मात्र सेल्फीसाठी आधी तिचा हात पुढं घेतला.

आता वापरात कळलेली एक गोष्ट. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो. हातमोज्यांची पावडर, सॅनिटायझर, क्रीम यांनी आठवड्यात तो मंद पडतो आणि वाटतं की चमक गेली. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रश, बास. ब्रशची आमच्याकडं कमी नाही. बेझलच्या खालची जाळी उघडी ठेवून घेतली ते बरं झालं, नाहीतर मागून घाण काढता आली नसती. घडवायला देताना हे आवर्जून सांगावं, कारागीर स्वतःहून विचारत नाही.

आता उदगीरच्या आतेभावाचं ठरलंय. त्याचं बजेट पंचवीस हजार, सोन्यासकट, आणि त्याला लॅबचाच पाहिजे. आत्याला ते अजून कळवलेलं नाही. काकांनी पन्नास सेंटच्या आतले दोन दाणे जांगडवर मागवलेत. नोटांचा दिवा तयार ठेवा म्हणून मी फोन केलाय. भिंगवाली रविवारी मोकळी आहे.